सिवर्टच्या बोटीचा ठोका

"बाबा, मी तुझ्या बोटीतून चर्चला जाणार नाही," ओडनी म्हणाली आणि शांतपणे उकडलेल्या बटाट्याचं साल काढू लागली.

सिवर्टचा काटा हवेतच थांबला. काट्याला कॉड माशाचा तुकडा होता, तोही थांबला. लग्न शनिवारवर आलं होतं. स्कार्वोय बेटावर नवरी पाण्यावरूनच चर्चला जाते. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता आहे, पण तो मेंढ्यांसाठी. नवरी जाते ती बापाच्या बोटीतून, डोक्यावर चांदीचा मुकुट घालून, आणि बोटीच्या नाकाशी फिडलवाला उभा असतो. सिवर्टच्या आजीला तिच्या बापाने वल्ही मारत नेलं होतं, तेही वादळात, तेही सर्दी झालेली असताना. सिवर्टला मुलगी एकच होती.

"मग कशातून जाणार? पोहत?"

"योस्टाइनचे वडील त्यांची बोट देतायत. पांढरी. खिडक्यांना पडदे आहेत."

"बोटीला पडदे?" सिवर्टने बायकोकडे पाहिलं. "ऐकलंस?"

"मी ऐकलं," बोर्गहिल म्हणाली. "कारण तुझी बोट आत्ता बंद आहे."

मुद्दा तोच होता. सिवर्टच्या 'टेर्ना' बोटीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन चालत नसे, ठोकत असे. लोखंडी पिंपात बसून कुणी हातोड्याने दार उघडायला सांगतंय असा तो आवाज होता. सिवर्टच्या मते इंजिन धडधाकट असल्याची ती खूण होती.

"मागच्या वर्षी मार्गितच्या बापाला बोट नाही म्हणून तिला तूच नेलंस ना?" ओडनी म्हणाली. "पाद्रीबुवा विचारतायत, याच्याशी लग्न करतेस का, आणि ती आपली 'काय?' म्हणतेय. तीनदा म्हणाली."

"शेवटी हो म्हणाली की."

"अंदाजाने म्हणाली. आणि हॉल्वोरने सांगून ठेवलंय, टेर्नावर परत फिडल वाजवणार नाही. त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं."

"त्यात त्याचा फायदाच झाला," सिवर्ट म्हणाला; पण आवाजात जोर नव्हता. आपल्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात आपण व्याह्याच्या पडद्यांमागे पाहुण्यासारखे हात मांडीवर ठेवून बसलो आहोत, हे चित्र त्याला दिसू लागलं होतं. त्याने कॉड खाल्ला नाही. बोर्गहिलने तो निमूटपणे स्वतःच्या ताटात घेतला आणि म्हणाली, "ओटारला बोलाव."

ओटार तिचा धाकटा भाऊ. सारा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढून तो निवृत्त झाला होता. दर नाताळला तो सिवर्टला एकच गोष्ट सांगे, की हा ठोका म्हणजे बिघाड आहे, आणि दर नाताळला सिवर्ट त्याला उत्तर देई की इंजिनने आवाज करायचा नाही तर काय इस्त्री करायची? या वेळी सिवर्ट स्वतः त्याच्या दारात गेला. ओटारने त्याचा चेहरा पाहिला आणि पान्यांची पेटी उचलली. विजयाचा क्षण शांतपणे उपभोगण्याची त्याला सवय नव्हती, त्यामुळे धक्क्यापर्यंत तो शीळ घालत आला.

"दाजी, हा पंप शेवटचा कुणी बसवला?"

"मी."

"कशाच्या मापाने?"

सिवर्टने आपला अंगठा दाखवला.

ओटार काही वेळ त्या अंगठ्याकडे पाहत राहिला. "हे बघा," तो म्हणाला, "पिस्टन वर चढतोय. वर पोचता पोचता डिझेलचा फवारा यायला हवा. तुमचा पंप फार आधीच फवारतो. पिस्टन बिचारा जिन्याच्या मध्यावर आहे, तोवर वरून त्याच्या डोक्यात दणका. तो ठोकणार नाही तर काय करणार? इतकी वर्षं तुम्ही त्याला मारताय आणि वर म्हणताय, बघा कसा धडधाकट आहे."

मग त्याने पंपाची एक नळी काढून तिथे बोटभर वाकडी नळी लावली, इंजिनचं मोठं चाक हाताने हळूहळू फिरवलं, आणि नळीच्या टोकाकडे डोळे लावून बसला. थेंब पडला. आणखी एक पडला. पुढचा लोंबकळला आणि पडलाच नाही. "इथं!" ओटार ओरडला. "थेंब थांबला म्हणजे इथं फवारा सुरू होतोय! आणि खूण बघा कुठाय चाकावर!" खूण खरोखरच लांब होती. पंप तीन नटांवर बसलेला होता आणि नटांची भोकं लांबट होती. नट सैल करून पंप जरासा फिरवला की फवारा लवकर किंवा उशिरा होतो. ओटारने तो फिरवला, पुन्हा थेंब पाहिले, पुन्हा फिरवला. शेवटी पंपावरची कारखान्याची रेघ इंजिनवरच्या रेघेला अशी जुळली की दोघींचा जन्मच त्यासाठी झाला असावा. सिवर्टच्या अंगठ्याचा पराभव होऊन नट आवळले गेले.

इंजिन सुरू झालं. सिवर्ट बराच वेळ वाट पाहत उभा राहिला.

"लाव की," तो म्हणाला.

"चालू आहे," ओटार म्हणाला.

ते खरं होतं. हात ठेवला तर कळत होतं. मांजर झोपेत गुरगुरावं तसं इंजिन चाललं होतं. सिवर्टने बंदराला एक फेरी मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या बोटीवर समुद्रपक्षी ऐकू आले. ते इतके बोलतात हे त्याला माहीत नव्हतं.

घरी आला तर बोर्गहिल स्वयंपाकघरात पाय वर करून मासिक वाचत होती. त्याला पाहून ती किंचाळली.

"तू कधी आलास?"

"आत्ता. जेवायला वाढ."

"वाढ काय? बटाटे अजून कच्चे आहेत! तू आल्याचं ऐकूच नाही आलं!"

त्या दिवशी सिवर्टने कच्चे बटाटे खाल्ले आणि ते त्याला गोड लागले. "ऐकू नाही आलं," तो ओडनीला म्हणाला. "तुझी आई म्हणतेय, ऐकूच नाही आलं!" ओडनीने त्याच्या गळ्यात हात टाकले. हॉल्वोरही राजी झाला. कोन्राड व्याह्यांना निरोप गेला की पडद्यांची गरज नाही.

कच्च्या बटाट्यांचा अर्थ कुणीच नीट लावला नाही. लावायला हवा होता. टेर्ना टेकाडाला वळसा घालून आली की बोर्गहिल बटाटे चुलीवर चढवी आणि सिवर्ट दारात येईतो ते शिजत. पण ठोका काही एकट्या बोर्गहिलचा नव्हता. दुकानदार त्यावर दुकान बंद करी, टपालवाली त्यावर कॉफी ठेवी, आणि बेटावर कुणालाच बिघडलेलं घड्याळ दुरुस्त करून घेण्याची घाई नसे. त्यामुळे लग्नाची सारी आखणीही त्यावरच होती, इतकी उघडपणे की ती कुणी बोलूनही दाखवली नव्हती. टेकाडावर म्हातारा ब्यार्ने कुत्र्याएवढी पितळी तोफ घेऊन बसायचा. त्याला दिसायचं कमी पण ऐकू लख्ख यायचं. ठोका ऐकला की त्याने तोफ डागायची. तोफ ऐकली की चर्चच्या मनोऱ्यातल्या माणसाने घंटा सुरू करायची, कारण मनोऱ्यातून समुद्र दिसत नाही. घंटा ऐकली की बँडवाल्यांनी सॉसेज खाली ठेवून धक्क्यावर यायचं, नवरदेवाला चर्चमध्ये कोंडायचं, आणि बोर्गहिलने सभागृहामागच्या मोठ्या भांड्यात बटाटे सोडायचे.

शनिवारी ऊन पडलं. बोर्गहिल जेवणाच्या सामानाबरोबर आधीच पुढे गेली होती. टेर्नाला बर्च झाडाच्या फांद्या बांधल्या होत्या. ओडनी मधोमध बसली होती, डोक्यावर मुकुट, त्याला लोंबणारी चांदीची पानं. हॉल्वोर नाकाशी उभा राहून लग्नाची चाल वाजवत होता आणि स्वतःला ऐकून स्वतःच भारावला होता. ओटार स्वच्छ कोटात इंजिनशेजारी बसून मधूनमधून पंपाकडे नातवाकडे पाहावं तसं पाहत होता. सिवर्ट सुकाणूवर होता. त्याला वाटलं, आजीच्या बापालासुद्धा इतकं छान वाटलं नसेल. निदान त्याला सर्दी होती.

टेकाड आलं. ब्यार्ने तोफेशेजारी बसून लेफ्सं, म्हणजे बटाट्याची मऊ पोळी, खात होता. सिवर्टने टोपी हलवली. ब्यार्नेने हात हलवला, पण तो माशी हाकलण्यासाठी.

"डाग की तोफ!" सिवर्ट ओरडला.

"कोण ते?" ब्यार्नेने विचारलं.

"नवरीची बोट!"

ब्यार्ने हसला. "पोरांनो, जा इथून. नवरी सिवर्टच्या बोटीतून येतीय. सिवर्टची बोट मला ओळखता येत नाही होय?"

"अरे, मीच सिवर्ट!"

"आवाजसुद्धा चांगला काढतोयस," ब्यार्ने कौतुकाने म्हणाला. "पण तोंडाने काय कुणी पण बोलेल. इंजिन कुठंय?"

"इंजिन चालू आहे!"

"हां, आणि मी बिशप आहे. पुढे व्हा, वाट मोकळी करा, नवरी येईल एवढ्यात. दारू एकाच बाराची आहे माझ्याकडं, तुमच्यासारख्यांवर नाही उडवायची." ही गोष्ट तोफेच्या दारूची होती, त्याच्या स्वतःच्या दारूला अशी मर्यादा नव्हती.

थांबून समजूत घालावी तर खाली खडक होते. बोट तशीच पुढे गेली. तोफ नाही म्हणून घंटा नाही, घंटा नाही म्हणून बँड नाही. वारा जमिनीकडून होता, त्यामुळे हॉल्वोरची चाल थेट अटलांटिककडे चालली होती. टेर्ना सुंदर, अलगद, चोरासारखी बंदरात शिरली.

धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. नाही म्हणायला दोन माणसं होती. माशांच्या उपड्या खोक्यावर पाठमोरे बसलेले, उंच काळी टोपी आणि निळं रेशीम. कोन्राड व्याही आणि विहीणबाई. बाजूला त्यांची पांढरी बोट पडदे लावून उभी होती.

"हे इथं काय करतायत?" ओटार कुजबुजला.

"वाट बघतायत," ओडनी म्हणाली. "त्यांना घ्यायला पण कुणी आलं नसणार. त्यांची बोट कुणाला ऐकू येते?"

सिवर्टने बोटीचा वेग कमी केला. रिकाम्या धक्क्यावर नवरी उतरवायची? घंटा नाही, बँड नाही, एक फूल नाही, आणि साक्षीला व्याही? ते जन्मभर सांगतील, आमची बोट नको म्हणाले आणि मुलगी अशी आणली, चोरीचा मासा आणावा तशी. "मागे घे," ओडनी दातांत म्हणाली. "बाबा, मागे!" टेर्ना जशी आली तशीच निघाली. ती आली हे कुणाला कळलं नव्हतं, गेली हेही कळलं नाही. ओटारच्या कामगिरीला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणं शक्य नव्हतं, पण त्या वेळी ते कुणी त्याला दिलं नाही.

बंदराबाहेरच्या खडकाआड बोट थांबली.

"भोंगा वाजवा," हॉल्वोर म्हणाला.

"भोंगा म्हणजे मासे घेणारी बोट," सिवर्ट म्हणाला. "इथं भोंग्याला माणूस येत नाही."

"मग कोण येतं?"

दुसरा उपाय नव्हता म्हणून भोंगा वाजवला. मग सिवर्टने खडकाआडून डोकावून पाहिलं आणि डोकं परत आत घेतलं.

"आलं कुणी?" ओडनीने विचारलं.

"मांजरं," सिवर्ट म्हणाला.

बेटावरची झाडून सगळी मांजरं धक्क्यावर आली होती. मासे घेणारी बोट दिसेना, तेव्हा त्यांनी उपड्या खोक्याला वेढा घातला होता, कारण खोक्याला माशाचा वास होता. व्याह्यांनी टोपी छातीशी धरली होती. विहीणबाई खोक्यावर उभ्या राहिल्या होत्या.

बोटीत शांतता पसरली. इंजिन चालूच होतं, म्हणजे शांतताच होती. हळूहळू सगळ्यांचे डोळे पंपाकडे वळले, आणि ओटार उठून पंपासमोर उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला.

"ओटार—"

"दाजी, मी चाळीस हजार टनांच्या जहाजांची टायमिंगं लावलीयत. एकाचंसुद्धा मुद्दाम बिघडवलं नाही. हा गुन्हा आहे."

"मामा," ओडनी म्हणाली. तिने एका हाताने मुकुट सावरला आणि दुसरा हात पुढे केला. "पाना दे. तू नाही करत तर मी करते."

मुकुट घातलेल्या मुलीला नाही म्हणणं अवघड असतं. पानं लोंबत असतात. ओटारने कोट काढून घडी घातला, हॉल्वोरच्या हातात दिला, आणि गुडघ्यांवर बसला. त्याने नट सैल केले, डोळे मिटले आणि पंप जरासा आत ढकलला. इंजिन खोकलं. ठक, ठक, ठक.

"झालं!" हॉल्वोर म्हणाला.

"कसलं झालं?" सिवर्ट म्हणाला. "हा माझा ठोका नाही. हा कुणाचाही आहे. याला ब्यार्ने तोफ नाही उडवायचा."

ओटारने आणखी फिरवला. ठोका वाढला. "आता?"

"आता जास्त झालं. ही मासेमारीची मोठी ट्रॉलर वाटतीय."

"मग होता कुठं तो? खूण केली होती का कुठं?"

सिवर्टने पुन्हा अंगठा वर केला. पण अंगठ्यालाही आठवेना. ओटार पंप इकडे नेई, तिकडे नेई. ठोका कधी सुका येई, कधी फुटका, आणि सिवर्ट मान हलवी. इतकी वर्षं तो त्या आवाजाच्या इतका जवळ उभा होता की लांबून तो कसा ऐकू येतो हे त्याला माहीतच नव्हतं.

"थांबा," ओडनी म्हणाली. "मला सांगू द्या."

ती बोटीच्या अगदी टोकाला जाऊन इंजिनकडे पाठ करून बसली आणि तिने डोळे मिटले. लहानपणी अंथरुणात पडून ती खिडकीतून हाच आवाज ऐकायची, हे तिने तेव्हा सांगितलं नाही. ती फक्त हाताने खुणा करत होती. थोडं आत. अजून. नाही, किंचित बाहेर. मुकुटाची पानं ठोक्यासरशी वाजू लागली.

"अजून केसभर," ती म्हणाली. मग हात खाली आला. "हां. बाबा आला."

सिवर्टला समुद्रपक्षी ऐकू येईनासे झाले. त्याने नाक शिंकरलं, तेही कुणाला ऐकू आलं नाही. ओटारने नट आवळले.

टेर्ना खडकाआडून निघाली ती ठोकतच. टेकाडावर ब्यार्ने लेफ्सं टाकून उठला. "आली!" तो म्हणाला. "म्हटलं नव्हतं?" आणि त्याने तोफ डागली. तिचा दणका डोंगरावर आपटून परत आला, त्यामागून घंटा सुरू झाली, आणि घंटेबरोबर सभागृहाची दारं धाडधाड उघडली. बँडवाले तोंडात सॉसेज आणि हातात ट्रम्पेट घेऊन धावत आले. नवरदेवाला दोघांनी उचलून चर्चमध्ये नेलं. दुकानदाराने सवयीने दुकान बंद केलं, मग ते आधीच बंद असल्याचं पाहून तोही पळत सुटला. मांजरं चौफेर उधळली. फुलं, झेंडे, म्हाताऱ्या, खुर्च्या, सगळं बेट धक्क्यावर लोटलं आणि ओरडू लागलं. सिवर्टने बोट धक्क्याला अशी लावली की नवरीच्या मुकुटाचं एक पानही हललं नाही. म्हणजे ठोक्याने हलत होतं त्याहून जास्त हललं नाही. त्याने स्वतः हात देऊन मुलीला वर चढवलं. बँड वाजत होता, घंटा वाजत होती, इंजिन वाजत होतं. नाकाशी हॉल्वोर घाम गाळत फिडल ओढत होता आणि त्यातला एकही स्वर कुणाला ऐकू आला नाही. तो इतका सुंदर कधीच वाजला नव्हता, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.

चर्चमध्ये पाद्रीबुवांनी प्रश्न विचारला आणि ओडनी म्हणाली, "काय?" पण ती हसत म्हणाली आणि दुसऱ्याच वेळी हो म्हणाली. बटाटे नेमके शिजले होते.

जेवणं चालू असताना कोन्राड व्याही खुर्ची सरकवत सिवर्ट आणि ओटारजवळ आले. त्यांच्या काळ्या पँटला वेगवेगळ्या रंगांचे केस चिकटले होते.

"व्याहीबुवा, काय ते स्वागत हो तुमचं!" ते म्हणाले. "आम्ही सकाळपासून बसलो होतो. कुणी हिंग लावून विचारलं नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आमचं इंजिन नवं आहे. महागातलं आहे. ते थोडंसं, म्हणजे अगदी थोडंसं, तसं ठोकायला लावता येईल का?"

ओटारच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. पण सकाळीच एक गुन्हा करून झाल्यामुळे तो तयार झाला होता. "लावता येईल," तो म्हणाला. "तीन नट असतात."

"नट सोडा," सिवर्ट म्हणाला. त्याने बटाटा फोडला, त्यावर लोणी टाकलं आणि ते वितळेपर्यंत वाट पाहिली. "व्याही, नुसतं ठोकून काय उपयोग? घरी कुणीतरी बटाटे घेऊन बसलेलं लागतं."

कोन्राड व्याह्यांनी वळून आपल्या बायकोकडे पाहिलं. त्या निळ्या रेशमावरून मांजराचे केस एकेक करून काढत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.